पाळतीवाचून शिकणारे यंत्र : प्रस्तावना

वापरकर्त्याने कोणते दस्तऐवज उघडले, कोणाला पत्रे लिहिली, कोणत्या शब्दाचा शोध घेतला याची बातमी त्याच्या अपरोक्ष कोठेही पाठवावयाची नाही, हा नियम केडीई आणि ग्नोम या दोन प्रमुख मुक्तस्रोत डेस्कटॉपांच्या रचनाकारांनी आधी सनदेत लिहून मग पाळावयास घेतला असे नाही. तो त्यांच्या हाताच्या वळणातच होता, आणि लेखी धोरणाचे रूप त्याला पुष्कळ उशिरा आले. याउलट, ज्याला मशीन लर्निंग किंवा यंत्रशिक्षण म्हणतात त्या विद्येची प्रकृतीच अशी की, पाहिल्यावाचून ती शिकत नाही आणि पुष्कळ पाहिल्यावाचून नीट शिकत नाही. या दोन परस्परविरुद्ध प्रकृतींचा संबंध जोडता येईल काय, आणि जोडावयाचा झाल्यास कोणत्या शर्तींवर, हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे. तो जोडता येतो असे माझे निश्चित मत आहे. मात्र यंत्राने शिकावयाचे ते वापरकर्त्याच्या स्वतःच्या संगणकावर शिकावे, जे शिकले ते त्याला उघडून वाचता यावे, आणि त्याने सांगताक्षणी ते विसरण्याची सोय असावी, या शर्तींत तडजोड झाली तर मुक्त डेस्कटॉपाला मुक्त म्हणण्याचे प्रयोजनच उरणार नाही.

ज्यांना या डेस्कटॉपांचा इतिहास परिचित नाही त्यांच्याकरिता थोडा खुलासा आवश्यक आहे. १४ ऑक्टोबर १९९६ रोजी जर्मनीतील ट्युबिंगेन येथील मथायस एट्रिख या विद्यार्थ्याने, लिनक्ससारख्या प्रणाली वापरणाऱ्या सामान्य माणसालाही एकसारख्या वळणाच्या खिडक्या आणि मेनू मिळावेत म्हणून जगभरच्या प्रोग्रॅमरांना जाहीर आवाहन केले, आणि त्यातून केडीईचा उगम झाला. ज्या क्यूटी नामक साधनसंचावर तिची उभारणी चालली होती त्याचा परवाना त्या काळी पुरेसा मुक्त नव्हता. तेवढ्या आक्षेपावरून ऑगस्ट १९९७ मध्ये मेक्सिकोच्या मिगेल दि इकाझा आणि फेडेरिको मेना यांनी ग्नोम या स्वतंत्र डेस्कटॉपाचा आरंभ केला. क्यूटीचा परवाना पुढे बदलला आणि तो वाद निवाला, परंतु परवान्यातील कलमांवरून एक संपूर्ण डेस्कटॉप नव्याने रचावयास बसणारी ही मंडळी कोणत्या जातकुळीची आहेत हे त्यावरून कळते. अशा माणसांच्या अंगणात यंत्रशिक्षण येऊ पाहते तेव्हा ते किती चतुर आहे हे विचारण्याआधी ते कोणाचे आहे, कोठे राहते आणि त्याची घडण कोणी पाहिली आहे, हे प्रश्न विचारले जाणे स्वाभाविक आहे.

वस्तुतः हे आगमन आजचे नव्हे. ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांनी निरुपयोगी जाहिरातवजा ईमेल ओळखण्याची एक तजवीज एका निबंधात मांडली, आणि त्याच वर्षी एरिक रेमंड यांनी त्याच विचारावर बोगोफिल्टर हा छोटा मुक्त प्रोग्रॅम लिहिला. त्याची रीत अशी की, वापरकर्त्याने केरात टाकलेल्या पत्रांतील आणि ठेवून घेतलेल्या पत्रांतील शब्द निरनिराळे मोजावयाचे, प्रत्येक शब्द कोणत्या बाजूस किती वेळा आढळतो याची नोंद ठेवावयाची, आणि नवे पत्र आले म्हणजे त्यातील शब्दांच्या साक्षी एकत्र करून ते कोणत्या बाजूचे असण्याचा संभव अधिक आहे हे ठरवावयाचे. पुढे केडीईच्या केमेल आणि ग्नोमच्या इव्होल्यूशन या ईमेलच्या प्रोग्रॅमांना बोगोफिल्टर जोडण्याची सोय झाली, आणि ज्यांनी ती वापरली त्यांच्या घरी यंत्रशिक्षण तेव्हापासूनच नांदत आहे. त्या शब्दांचा जमाखर्च वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरात एका फाइलीत राहतो, ती फाइल पुसली की यंत्र पुनश्च अडाणी होते, आणि या साऱ्या व्यवहारात बाहेरच्या कोणाचाही हात लागत नाही. ज्याच्या टेबलावर जे शब्द रोज येतात त्याचेच गणित त्याला लागू पडते: पशुवैद्याला औषधांच्या जाहिराती केर वाटतीलच असे नाही. या विद्येचा मुक्त डेस्कटॉपावरील पहिला अनुभव इतका सरळ आणि सभ्य होता हे विसरले गेल्यामुळेच, यंत्र शिकावयाचे म्हणजे आपली सारी माहिती दूरच्या सर्व्हरवर गेलीच पाहिजे, असा एक समज हल्ली रूढ झाला आहे.

यानंतरच्या प्रयत्नांचा इतिहास मात्र इतका सरळ नाही, आणि त्यातील अपयशे मला यशांहून अधिक उद्बोधक वाटतात, म्हणून त्यांच्याजवळ थोडे थांबतो. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात एरिक हॉर्विट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ल्युमिएर या प्रकल्पात, वापरकर्त्याच्या हालचालींवरून त्याला या क्षणी कशाची अडचण आहे याचे संभाव्यतेच्या गणिताने अनुमान करण्याची पद्धत बसविली होती. ऑफिस ९७ मध्ये जो सहायक अवतरला त्यात त्या गणिताचा फारच थोडा अंश उरला होता, आणि तो सहायक अवेळी पुढे येऊन लोकांच्या त्राग्याचा विषय झाला. ऑफिस २००० मध्ये तर मेनूच स्वतःला बदलू लागले: जे आदेश क्वचित वापरले जात ते आपोआप दृष्टिआड होत आणि नेहमीचे तेवढे समोर राहत. कल्पना वरकरणी मोठी सोयीची वाटते. परंतु माणूस मेनू वाचून आदेश शोधत नाही; वरून अमुक ठिकाणी, अमुकच्या खाली, अशा जागेच्या स्मरणाने त्याचा हात जातो, आणि यंत्राने त्याच्या सोयीसाठी म्हणून जागा बदलली की त्याने मिळविलेले ते स्मरण व्यर्थ होते. यंत्र शिकत असताना माणसाचे शिकणे उधळले जाते. डेस्कटॉपात यंत्रशिक्षण आणू पाहणाऱ्या प्रत्येकाने हा दाखला आपल्यासमोर लावून ठेवावा असे मला वाटते: सूचना वाटेल तितक्या शिकाव्यात, परंतु वस्तूंच्या नेमलेल्या जागा शिकलेल्या यंत्राच्या लहरीवर सोडू नयेत.

मुक्त डेस्कटॉपांनी आपल्या चुका निराळ्या केल्या. २००३ मध्ये नॅट फ्रीडमन यांनी ग्नोमसाठी डॅशबोर्ड नावाचा एक प्रयोग दाखविला. तुम्ही एखाद्याशी संवाद करीत असाल, पत्र वाचीत असाल, तर त्या व्यक्तीसंबंधीची जुनी पत्रे, पत्ते आणि भेटींच्या नोंदी शेजारच्या खिडकीत आपण होऊन येत. प्रयोग अल्पायुषी ठरला, परंतु पूर्वीचे सारे कागद शोधून काढणारा वेगवान शोधयंत्र-भाग आधी हवा ही गरज त्यातून स्पष्ट झाली. त्याहून मोठा उद्योग युरोपात झाला. २००६ ते २००८ या काळात युरोपीय महासंघाच्या साहाय्याने, जर्मनीतील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधन केंद्राच्या पुढाकाराने, सुमारे १ कोटी ७० लाख युरो खर्चाचा नेपोमुक हा प्रकल्प चालला, आणि त्याचे फलित जानेवारी २००८ मधील केडीई ४ मध्ये गुंफण्यात आले. संगणकावरील प्रत्येक फाइल, पत्र, छायाचित्र आणि व्यक्ती यांच्यातील नाती नोंदवून ठेवावीत, म्हणजे अमक्याने पाठविलेली, तमक्या सभेतील, त्या विषयाची चित्रे कोणती असे अर्थाने विचारता यावे, अशी त्यामागील आकांक्षा होती.

आकांक्षा खरोखर उदात्त होती, आणि तरीही अनेक वापरकर्ते नवी प्रणाली बसविल्यावर जी गोष्ट आधी बंद करीत ती नेपोमुक होती! कारण तिच्या नोंदी लिहिणारा प्रचंड डेटाबेस पाठीमागे अखंड राबत असे, डिस्क खरखरत असे, स्मृतीचा मोठा वाटा अडून राही, आणि या सर्व कष्टांचा मोबदला वापरकर्त्याला सहसा दिसतच नसे. २०१४ मध्ये केडीई ४.१३ बरोबर नेपोमुकच्या जागी बलू हा पुष्कळ हलका शोधभाग आला. त्याने नात्यांचा हव्यास सोडला आणि शोध लवकर लागावा एवढेच काम अंगावर घेतले. नेपोमुकच्या कर्त्यांवर माझा राग नाही. उलट त्यांनी पाहिलेले स्वप्न आजच्या साधनांनी अल्प खर्चात साध्य होण्याची चिन्हे आहेत. पण ज्या घरात यंत्र राबावयाचे त्या घराची ऐपत पाहून राबावे, हा धडा त्यांच्यामुळे कायमचा मिळाला, आणि भारतात जेथे दहा-दहा वर्षांचे जुने संगणक लिनक्सच्या जोरावर शाळांतून आणि छोट्या दुकानांतून अद्याप चालतात तेथे तर त्याचे महत्त्व विशेष आहे.

दुसरा धडा विश्वासाचा. ऑक्टोबर २०१२ मध्ये उबुंटू या लिनक्स-वितरणाच्या १२.१० या आवृत्तीत असे झाले की, स्वतःच्या संगणकावरील फाइल शोधण्यासाठी मुख्य शोधपट्टीत टाइप केलेला शब्द ते वितरण काढणाऱ्या कॅनॉनिकल या कंपनीच्या सर्व्हरकडे जाऊ लागला आणि उत्तरांत ॲमेझॉनवरील विक्रीच्या वस्तू दिसू लागल्या. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी या प्रकाराला उघडपणे हेरगिरी म्हटले. इंटरनेटवरील नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशननेही आक्षेप घेतला. आणि अखेर २०१६ मधील १६.०४ या आवृत्तीत ही गोष्ट मूळ मांडणीत बंद ठेवण्यात आली. या प्रकरणात शिकण्याचा भाग नाममात्र होता, तरी मुक्तस्रोत असणे हे पाळत न ठेवण्याचे आपोआप मिळणारे प्रमाणपत्र नाही हे त्याने सिद्ध केले. पुढे मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने रिकॉल जाहीर केले, ज्यात पडद्याचे चित्र दर काही सेकंदांनी टिपून ते पुढे शोधता यावे अशी योजना होती. टिपलेला मजकूर साध्या, कूटबद्ध न केलेल्या डेटाबेसमध्ये ठेवला जात असल्याचे सुरक्षातज्ज्ञांनी दाखविल्यावर ते लांबणीवर पडले आणि एप्रिल २०२५ मध्ये, वापरकर्त्याने आपण होऊन सुरू केले तरच चालणारे असे होऊन, परत आले. येथे सर्व नोंदी वापरकर्त्याच्याच यंत्रावर होत्या, आणि तरीही लोक घाबरले. तेव्हा नोंद घरात राहते एवढेच पुरेसे नाही, काय नोंदले जाते याची मर्यादाही वापरकर्त्याने आखलेली असावी लागते.

कचेरीत मुरलेला शिरस्तेदार साहेबांना कोणता कागद केव्हा लागेल हे न विचारता ओळखतो, आणि त्याच्या त्या ज्ञानाची कोणाला धास्ती वाटत नाही. कारण ते त्या कचेरीच्या कामापुरते असते, दफ्तराबाहेर जात नाही, आणि त्याने चुकीचा कागद पुढे केला तर साहेब तो बाजूस सारून हवा तो मागवू शकतात. मला जे यंत्रशिक्षण डेस्कटॉपावर हवे आहे त्याची मर्यादा हीच आहे, आणि ही केवळ कल्पना नव्हे, याचा एक दाखला आपल्या पुण्याशीच निगडित आहे.

रेड हॅट या कंपनीच्या पुण्यातील कचेरीत भारतीय भाषांचे बरेच काम झाले, आणि त्यातूनच २०१०च्या दशकाच्या आरंभी, इनस्क्रिप्ट कळफलकाच्या किंवा लिप्यंतराच्या पद्धतीने टाइप करणाऱ्यांचे कष्ट कमी व्हावेत म्हणून, पुढचा शब्द सुचविणारे एक साधन तयार झाले. आयबस टायपिंग बूस्टर या नावाने ते आज अनेक भाषांना उपलब्ध आहे. त्याचे अंतरंग मुद्दाम पाहण्याजोगे आहे. तुम्ही टाइप केलेला प्रत्येक शब्द ते वापरकर्त्याच्याच फोल्डरातील एका छोट्या डेटाबेसमध्ये लिहिते. त्या ओळीत तो शब्द, त्याच्या आधीचा शब्द, त्याच्याही आधीचा शब्द, तो किती वेळा आला आणि शेवटी केव्हा आला, एवढा तपशील असतो. ज्याने शे-दोनशे पत्रे लिहिली आहेत त्याने शेवटच्या ओळीत ‘कळावे’ लिहून जागा सोडली की ‘लोभ’ वर येतो, आणि तो घेतला की ‘असावा’. ज्याने सरकारी अर्जच अधिक लिहिले आहेत त्याला ‘आपला’च्या पुढे ‘विश्वासू’ मिळतो. प्रत्येकाचे यंत्र प्रत्येकाच्या लेखणीचे वळण घेते. सुचविलेला शब्द घेणे न घेणे सर्वस्वी तुमच्याकडे. नको असलेला, एकदा चुकून शिकलेला शब्द यादीतूनच कायमचा काढून टाकता येतो. आणि एखादे खाजगी पत्र लिहिताना यंत्राने काही नोंदवू नये अशी इच्छा असेल तर तेवढ्यापुरती नोंद थांबविण्याची मुभाही आहे.

ज्याला या विद्येतील नव्या, अब्जावधी आकड्यांच्या प्रतिमानांची, म्हणजे मॉडेलांची, सवय झाली आहे तो शब्दांच्या या साध्या मोजणीला यंत्रशिक्षण म्हणावयासही कचरेल. मला तसा संकोच वाटत नाही. अनुभवाने सुधारणारे, सुधारणेचा पुरावा वाचता येण्याजोग्या ओळींत ठेवणारे आणि आज्ञा होताच विसरणारे हे यंत्र, जोडाक्षरे आणि वेलांट्या यांच्या जंजाळात बोटे अडकणाऱ्या मराठी लेखकाचे कष्ट रोज खरोखर हलके करते. याहून अधिक कसले प्रमाण हवे?

अधिक गुंतागुंतीच्या विद्येलाही हीच सभ्यता शिकविता येते, याचे उदाहरण म्हणून केडीईच्या कुटुंबातील डिजिकॅम हा छायाचित्रे सांभाळणारा प्रोग्रॅम घेता येईल. जुलै २०२० मधील त्याच्या ७.० या आवृत्तीपासून चेहरे शोधणे आणि ओळखणे ही दोन्ही कामे सखोल जालांच्या, म्हणजे डीप लर्निंगच्या, पद्धतीने होतात. प्रथम चित्रात चेहरा कोठे आहे हे एक प्रतिमान ठरविते, मग तो चेहरा सरळ करून दुसरे प्रतिमान त्याचे संख्यांच्या एका रांगेत रूपांतर करते, आणि ज्या दोन चेहऱ्यांच्या रांगा एकमेकींच्या निकट ते एकाच व्यक्तीचे असावेत असे अनुमान निघते. लग्नाच्या अल्बमातील दोनतीन चित्रांवर ‘आत्या’ लिहिले की उरलेल्या चित्रांतील पदराआडची, अर्धवट वळलेली, मागच्या रांगेतली आत्याही यंत्र शोधून काढते. परंतु ते तिथे नाव कायम करीत नाही. ‘ही आत्या असावी’ अशी विनंतीवजा सूचना त्या चेहऱ्याखाली तिष्ठत राहते, आणि घरातल्या माणसाने होकार दिल्यावरच ती नोंद पक्की होते. नकार दिला तर सूचना निघून जाते. धाकट्या मावशीला आत्या समजण्याची चूक यंत्र करतेच, कारण काही घरांतून चेहऱ्यांचे साम्य माणसांनाही चकविते. म्हणून अनुमान आणि निर्णय यांच्यामध्ये ठेवलेली ही एक पायरी माझ्या मते त्या प्रोग्रॅममधील सर्वांत मोलाची रचना आहे.

येथवरचा मार्ग सुगम आहे. यापुढे खरी अडचण सुरू होते, आणि ती गणितापेक्षा नीतीची व कायद्याची अधिक आहे. जीएनयूच्या सार्वजनिक परवान्याने स्रोत कशाला म्हणावे याची व्याख्या मोठ्या दूरदृष्टीने केली होती: ज्या रूपात फेरफार करणे कर्त्याला सोयीचे जाते ते रूप म्हणजे स्रोत. प्रोग्रॅमच्या बाबतीत ते रूप म्हणजे माणसाने लिहिलेला मजकूर. शिकलेल्या प्रतिमानाच्या बाबतीत ते कोणते? हाती येते ती केवळ आकड्यांची प्रचंड फाइल. ती ज्या चित्रांवरून, ज्या आवाजांवरून, ज्या लेखांवरून शिकली ते साहित्य बहुधा कोणी देत नाही. ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये व्हिस्पर हे बोलणे लिहून काढणारे प्रतिमान अत्यंत उदार परवान्याने खुले केले, आणि केडीईच्या केडेनलाइव्ह या चित्रफीत-संपादकात एप्रिल २०२३ मधील आवृत्तीपासून ते वापरता येते. इंटरनेट बंद असतानाही ते चालते, ही त्याची थोरवी निर्विवाद आहे. परंतु ज्या ६,८०,००० तासांच्या ध्वनिमुद्रणांवर ते शिकले ती कोणाची, कोणत्या परवानगीने घेतलेली, हे पाहावयास ती उपलब्ध नाहीत. सबब त्यातील दोष मुळापासून काढण्याचा अधिकार कागदोपत्री सर्वांना असला तरी सामर्थ्य कोणालाच नाही. डेबियन या लिनक्स-वितरणाच्या जुन्या व काटेकोर प्रकल्पातील एका विकासकाने, वरून मुक्त परवाना मिरविणाऱ्या पण शिक्षणसाहित्य लपविणाऱ्या अशा प्रतिमानांना विषारी खाऊ अशा अर्थाचे नाव दिले होते.

२८ ऑक्टोबर २०२४ रोजी ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेने मुक्तस्रोत कृत्रिम बुद्धिमत्तेची व्याख्या प्रसिद्ध केली. तीत शिकविण्याचे प्रोग्रॅम व आकडे खुले असावेत असे म्हटले असून, शिक्षणसाहित्याविषयी मात्र, जाणकार माणसाला तत्सम प्रणाली नव्याने उभारता येईल इतकी सविस्तर माहिती असली तर पुरे, साहित्य प्रत्यक्ष दिलेच पाहिजे असा आग्रह नाही. या तडजोडीवर टीका झाली, आणि तिच्या समर्थनार्थही भक्कम कारणे मांडली गेली. उदाहरणार्थ रुग्णांच्या तपासण्यांची चित्रे कोणत्याही न्यायाने सर्वांना वाटता येणार नाहीत. मी या वादात टीकाकारांच्या बाजूस आहे. डेस्कटॉप हा रुग्णालयाइतका नाजूक विषय नाही, त्याला लागणारे आवाज, अक्षरे आणि चित्रे लोकांनी स्वखुशीने दिलेली मिळू शकतात, आणि जेथे मिळू शकतात तेथे तीच वापरावीत. जोवर मिळत नाहीत तोवर इतर प्रतिमाने वेगळी उतरवून घेण्याची सोय असावी, मूळ मांडणीत ती गुपचूप येऊ नयेत. डिजिकॅमही चेहऱ्यांची प्रतिमाने बरोबर न आणता, प्रथम चालविताना ‘उतरवून घेऊ का’ असे विचारतो, ही रीत मला अनुकरणीय वाटते.

स्वखुशीने दिलेले साहित्य ही गोष्ट मराठी वाचकाने मनावर घेण्याजोगी आहे, कारण येथे प्रश्न आपल्या दारात येऊन ठेपतो. व्हिस्परच्या कर्त्यांनीच प्रसिद्ध केलेल्या तक्त्यात, मराठी बोलणे आणि मराठीतच त्याचे लेखन अशा जोडीचे जे साहित्य त्यांनी वापरले ते एक तासही भरत नाही. इंग्रजीचे चार लाख तासांहून अधिक आहे. कोट्यवधी लोकांची भाषा साडेसहा लाखांहून अधिक तासांत स्वतःच्या लेखनासह एका तासाचीही धनी नसावी! आंतरराष्ट्रीय कंपन्यांचा हिशेब बाजाराचा असतो आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. परंतु मोझिलाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या कॉमन व्हॉइस या उपक्रमात कोणालाही आपल्या भाषेतील वाक्य वाचून आवाज देता येतो, इतर भाषक तो ऐकून बरोबर आहे की नाही याची साक्ष देतात, आणि जमलेले सारे भांडार हक्क न राखता सर्वांना खुले होते. त्यात मराठी आहे. पुण्याच्या एल३क्यूब या गटाने मराठी लेखनाचे महाकॉर्पस हे संकलन २०२२ मध्ये प्रसिद्ध करून मराठीच्या उपलब्ध लेखनसाहित्यात सुमारे २.४८ कोटी वाक्यांची भर घातली आणि त्यावर शिकविलेली मराठीची प्रतिमानेही दिली. मुद्रित पानावरील मजकूर ओळखणारे टेसरॅक्ट मराठी वाचते, पडद्यावरील मजकूर बोलून दाखविणारे ईस्पीक एनजी मराठी उच्चारते, मात्र त्याचा स्वर रुक्ष आणि यांत्रिक आहे. जो अंध विद्यार्थी ग्नोमच्या ऑर्का या पडदावाचकावर दिवसचे दिवस तो स्वर ऐकत अभ्यास करतो, त्याच्या कानांना एक सौम्य, मानवी मराठी आवाज मिळावा, आणि तो त्याच्या जुन्या लॅपटॉपवर, महिन्याचे पैसे न भरता, त्याची पुस्तके कोणाला न कळविता मिळावा, यापेक्षा यंत्रशिक्षणाचे अधिक योग्य प्रयोजन मला सुचत नाही. कोकणातील, वऱ्हाडातील, मराठवाड्यातील बोलण्याच्या ढंगांची नोंद त्या भांडारात आपणच केली नाही, तर यंत्राला जी मराठी येईल ती चार शहरांची मराठी असेल.

एक आडकाठी मात्र मुक्त डेस्कटॉपांना त्यांच्या सभ्यतेमुळेच सोसावी लागते. केडीईचे धोरण असे की, वापराची माहिती पाठविणे मूळ मांडणीत बंद असावे, वापरकर्त्याने आपण होऊन ते सुरू करावे, आणि व्यक्ती ओळखता येईल अशी खूण त्यात नसावी. केडीईच्या प्लाझ्मा या डेस्कटॉपाच्या फेब्रुवारी २०२० मधील ५.१८ या आवृत्तीत त्यासाठी स्वतंत्र पान आले, तेही बंद अवस्थेत. ग्नोमने २०२२ मध्ये, ज्यांची इच्छा असेल त्यांनी एकदाच आपल्या यंत्राची माहिती द्यावी असे आवाहन केले, तेव्हा अडीच हजारांच्या आसपास उत्तरे आली. कोट्यवधींच्या नोंदी ज्यांच्या हाती रोज पडतात त्यांच्याशी या संख्येची तुलनाच होऊ शकत नाही, आणि म्हणून काही जाणकार असे सुचवितात की हा संकोच सोडावा, अन्यथा मुक्त डेस्कटॉप मागे पडेल. मला हा सल्ला मान्य नाही. पुढच्या प्रकरणांत दाखविल्याप्रमाणे डेस्कटॉपाची बहुतेक उपयुक्त शिक्षणे एकाच माणसाच्या नोंदींवर होतात, आणि उरलेल्यांसाठी लोकांकडून मागून घेतलेले थोडे साहित्य, चोरून घेतलेल्या पुष्कळ साहित्याच्या तुलनेने उणे पडले तरी, ते तपासता येते, दुरुस्त करता येते आणि पुढच्या पिढीस देता येते.

पुस्तकाच्या मर्यादेविषयी दोन शब्द लिहून ही प्रस्तावना पुरी करतो. यंत्राने लिहिलेला कोड मुक्त प्रकल्पांनी स्वीकारावा की नाही, हा विषय मी हेतुतः घेतलेला नाही. त्याचे प्रश्न कर्त्यांचे आहेत, आणि या पुस्तकाची दृष्टी वापरकर्त्याची आहे. पहिल्या तीन प्रकरणांतील सर्व प्रयोग ग्राफिक्स कार्ड नसलेल्या साध्या संगणकावर करून पाहता येतात, आणि ते त्याच क्रमाने करून पाहावेत अशी विनंती आहे. चौथ्या प्रकरणातील बोलणे लिहून काढण्याच्या प्रयोगाला व्हिस्परचे लहान प्रतिमान घेतले तरी सुमारे अर्धा गिगाबाइट जागा लागते आणि जुन्या यंत्रावर दहा मिनिटांच्या ध्वनिमुद्रणास धीराने वाट पाहावी लागते; ज्यांना ते शक्य नसेल त्यांनी ते प्रकरण नुसते वाचून पुढे जावे, पाचव्यातील विवेचन त्यावर अवलंबून नाही. परिशिष्टात प्रत्येक साधन आपल्या नोंदी कोणत्या फोल्डरात ठेवते आणि त्या कशा पुसाव्यात याची यादी दिली आहे, आणि प्रयोगांना हात घालण्याआधी तेवढी यादी प्रत्येकाने आपल्या संगणकावर उघडून पडताळून घ्यावी.